अडीच इंच

१

पंच्याण्णव साली माझी ड्यूटी सकाळी सात ते दोन असायची. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी चौकशीच्या बोर्डावर होते. लोक नाव सांगायचे, मी नंबर सांगायचे. सात तास कानाला हेडफोन. घरी पोचायला तीन वाजायचे. कुलूप उघडायचं, मोरीत पाय धुवायचे आणि हॉलमध्ये चटई टाकून तासभर आडवं व्हायचं. त्या वेळी घरात कोणी नसायचं, कोणी काही विचारायचं नाही. मला तो तास फार आवडायचा.

डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बिल्डिंग. तिसरा मजला, वन रूम किचन. माझा नवरा कुंडलिक वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत फोरमन होता. ऑफिसांची पार्टिशनं बनवायची कंपनी. (मी त्यांना ‘अहो’च म्हणते, पण इथे नाव लिहिते, नाहीतर ‘हे’ म्हणजे कोण ते कळायचं नाही.) आमचा हॉल लांबट होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी धाकटा दीर सहदेव गावाहून आमच्याकडे राहायला आला, तेव्हा कुंडलिकनं कंपनीतून सेकंडचा माल आणून हॉलमध्ये भिंत घातली. पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड, जोडांवर कागदी पट्टी, वर लांबी, मग पॉलिश पेपर आणि रंग. लांबी म्हणजे रंगाआधी भेगा बुजवायला लावतात तो लगदा. भिंत नऊ फूट लांब. एका टोकाला दार म्हणून पडदा. पलीकडे सहदेवची खोली.

अशा भिंतीत दोन बोर्डांच्या मध्ये पोकळी राहते. आमच्या भिंतीत ती अडीच इंच होती.

सहदेव दोन वर्षं राहिला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं. कुंडलिकनं कंपनीत लावून दिलेली नोकरी सहदेवनं न सांगताच सोडली होती. मी ड्यूटीवर होते. आले तर सहदेव नव्हता, त्याची बॅग नव्हती आणि हॉलच्या बाजूनं भिंतीला वाटीएवढं भोक होतं.

“बुक्का मारला,” कुंडलिक म्हणाला. “आणि गेला.”

चार दिवसांत येईल असं वाटलं होतं. आला नाही. कुंडलिक त्याच्या सगळ्या मित्रांकडे जाऊन आला. एप्रिल उजाडला तरी पत्र नाही, निरोप नाही. भोकावर आम्ही कॅलेंडर लावलं होतं.

२

सासूबाईंचं, भागीरथीबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन डोंबिवलीत करायचं ठरलं. त्या संगमेश्वराकडच्या आमच्या गावी एकट्याच राहायच्या. सहदेव निघून गेलाय हे त्यांना सांगायची आमची छाती झाली नव्हती. कंपनीच्या कामासाठी भरुचला गेलाय असं सांगायचं ठरलं. पण भोक दिसलं असतं तर त्यांनी विचारलं असतंच. म्हणून त्या यायच्या आधीच्या रविवारी कुंडलिक भोक बुजवायला बसला.

काम तासाभराचं. भोकाभोवती चौकोन कापायचा, आत लाकडाची पट्टी अडकवायची, तिच्यावर त्याच मापाचा नवा तुकडा स्क्रूनं आवळायचा, मग पट्टी, लांबी, घासकाम. कापण्याआधी आत वायर नाही ना हे बघायला त्यानं भोकात हात घातला आणि तसाच थांबला.

“काय झालं? पाल आहे का?”

“इकडे ये. हात घाल.”

मी घातला. बाहेरून भोकाची कड खरखरीत होती, कागद फाटून लोंबत होता. आतल्या बाजूनं मात्र कड गुळगुळीत लागली. चिनी मातीच्या बशीची असते तशी.

“आतून लांबी लागलीय,” कुंडलिक म्हणाला.

“आतून कशी लागेल?”

“तेच म्हणतोय मी.”

“सेकंडचा माल ना? आधीपासूनच लागलेली असेल.”

वीस वर्षं तो हेच काम करत होता. “भोकाच्या कडेला लागलीय, मंदा. भोक पडल्यानंतर. लावून घासलीय पण.” मग स्वतःच म्हणाला, “सहदेवनंच केलं असेल. जाण्याआधी लाज वाटून.”

“तुम्ही तर म्हणालात तो लगेच गेला.”

त्यानं चौकोन कापला, तुकडा बसवला, लांबी भरली. काम चोख झालं. संध्याकाळी मी उगाचच दोनदा जाऊन त्या जागेवरून हात फिरवला. ओली होती, गार होती. ओली लांबी गारच असते.

३

मंगळवारी दुपारी चटईवर डोळा लागत होता तेव्हा आवाज ऐकू आला. पॉलिश पेपरचा. खर्रर्र, खर्रर्र, मग थोडं थांबायचं. जसं कोणी घासतं, बोटानं चाचपून बघतं आणि पुन्हा घासतं.

वरच्या मजल्यावर रंगकाम असेल, असं मी धरलं. आवाजांच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही. लाइनवर माणूस एकही अक्षर बोलला नाही तरी तो बूथवर आहे की घरात, एकटा आहे की शेजारी कोणी उभं आहे, हे आम्हाला कळतं. म्हणून उठले, आवाज कुठून येतो ते बघितलं. वरून नव्हता. जिन्यात आले तर तिथं काहीच नव्हतं. परत आत आले आणि भिंतीला कान लावला.

आवाज कानाच्या समोरच होता. मी दोन फूट सरकले, पुन्हा कान लावला. तिथंही समोरच. टोकाला गेले, तिथंही. मी सरकत होते तसा तो सरकत होता, की मीच त्याच्यामागून जात होते, ते मला कळेना. मी हातानं भिंतीवर एक थाप मारली. आवाज थांबला. मिनिटभरानं पुन्हा सुरू झाला.

मी चप्पल घालून खाली गेले, कोपऱ्यावरून नको असलेली कोथिंबीर घेतली आणि कुंडलिक येईपर्यंत समोरच्या मंजुळाच्या घरी बसले. मंजुळा मूळची इथल्याच गावातली. मी काही सांगितलं नाही, तरी माझ्याकडे बघून म्हणाली, “काय गो, ऊन लागलं का तुला?”

रात्री कुंडलिकला सांगितलं. त्यानं कान लावला. काही नाही. “उंदीर असेल,” तो म्हणाला.

“उंदीर थांबून थांबून चाचपत नाही.”

“मंदा, सात तास हेडफोन लावून बसतेस. कानात राहतं ते.”

हे मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. दुसऱ्या दिवशी झाडताना सहदेवच्या खोलीत, भिंतीच्या पायाशी पांढऱ्या पिठाची बारीक रेघ दिसली. रविवारच्या कामाची असेल म्हणून झाडून टाकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा होती. काम हॉलच्या बाजूनं झालं होतं, खोलीच्या बाजूनं नाही, हे मला झाडू हातात असतानाच आठवलं.

४

सासूबाई आल्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. त्या डोळ्यावर पट्टी, आणि डाव्यालाही फार दिसत नव्हतं. त्यांना सहदेवच्या खोलीत, त्याच्याच खाटेवर झोपवलं. खाट भिंतीला लागून होती. भरुचचं सांगितलं तेव्हा त्या “बरं” म्हणाल्या. मला हलकं वाटलं.

चौथ्या दिवशी मी ड्यूटीवरून आले तेव्हा पडद्याआडून त्यांचं बोलणं ऐकू आलं. गावातल्या कोणाच्या गाईचं सांगत होत्या. मला वाटलं मंजुळा आलीय. पडदा सारला. त्या एकट्याच, भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडलेल्या.

“कोणाशी बोलताय आई?”

“सहदेवाशी. कोणाशी बोलणार दुसरं?”

मी दारातच उभी राहिले. “आई, सहदेव भरुचला आहे.”

“असेल तुमच्या भरुचला,” त्या हसल्या. “आमच्याशी लपवालपवी कशाला? भांडलात ना? म्हणून पलीकडे जाऊन बसतो. दुपारी येतो, मला बरं वाटतं.”

“बोलतो तो?”

“बोलत नाही जास्त. लहानपणी रुसला की असाच करायचा. मी आपली विचारते.” त्यांनी हात लांब करून तळवा भिंतीला लावला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “जेवलास का रे?”

ठक्.

आतून. बोटाच्या पेरानं वाजवतात तसा, एकच.

“ऐकलंस?” त्या म्हणाल्या. “हो म्हणतोय. तूच वाढून ठेवतेस ना त्याला?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? भिंतीच्या पलीकडे हॉल होता. मी पाच पावलांत तिथं गेले. चटई, रेडिओ, खिडकी. कोणी नव्हतं. त्या नऊ फुटांना फक्त दोनच बाजू होत्या आणि दोन्ही मी बघितल्या होत्या.

नंतर सासूबाई झोपल्यावर मीही तळवा लावून बघितला. “कोण आहे?” असं विचारलं. उत्तर आलं नाही. पण घासणं थांबलं, आणि मी हात काढीपर्यंत थांबलेलंच राहिलं.

५

आता मला एक नवीन गोष्ट छळायला लागली. भांडणाचं मला जे काही माहीत होतं, ते सगळं कुंडलिकच्या तोंडून कळलेलं. मी घरी नव्हते. बोर्डावर बसून लोकांना नंबर देत असताना मी तो रविवार पुन्हा पुन्हा मांडून बघायचे. चुकीचे नंबर जायला लागले. सुपरवायझर बाईंनी दोनदा टोकलं.

सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून मी कुंडलिकला गच्चीवर बोलावलं. वाळलेले कपडे काढता काढता विचारलं, “त्या दिवशी सहदेवला जाताना तुम्ही बघितलंत?”

“म्हणजे?”

“दारातून बाहेर पडताना. डोळ्यांनी.”

तो चादरीची घडी घालत होता. ती अर्धवट राहिली. “मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. दार आपटलेलं ऐकलं. वळलो तर नव्हता.”

“जिन्यात बघितलंत?”

“नाही. मी पण रागातच होतो ना.”

“तुम्ही त्याला मारलंत का?”

“एक दिली,” तो खाली बघत म्हणाला. “कानाखाली. मग त्यानं भिंतीवर बुक्का मारला. माझ्यावर मारायचा तो भिंतीवर मारला, मंदा.”

अकरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला कुंडलिकची भीती वाटली. त्याला ती दिसली. त्याचा चेहरा असा झाला की मला लाज वाटली, पण भीती गेली नाही.

“तुला काय विचारायचंय ते कळलं मला,” तो म्हणाला. “अडीच इंच आहे ती. त्यात मांजर मावत नाही.”

“मग उघडून दाखवा.”

सोमवारी मंजुळा सासूबाईंना पट्टी बदलायला डॉक्टरकडे घेऊन गेली. कुंडलिकनं रजा घेतली होती, मीही. सकाळचे अकरा वाजले होते. हॉलमध्ये भरपूर ऊन होतं, खाली भंगारवाला ओरडत होता. आधीच्या तुकड्याच्या शेजारी, कमरेच्या उंचीवर, त्यानं फूटभर चौकोन कापून काढला. कापलेला तुकडा हातात उलटा धरून तो बघतच राहिला.

बोर्डाची आतली बाजू राखाडी, खडबडीत कागदाची असते. ही पांढरी होती. लांबी लावून, घासून, आरशासारखी केलेली.

“अशी फिनिशिंग मला येत नाही,” तो हळूच म्हणाला. “कंपनीत कोणालाच येत नाही.”

पलीकडच्या बोर्डाची आतली बाजूही तशीच. तिथं एका जागी लांबी अजून ओली होती आणि तिच्यावर चार बोटं ओढल्याची खूण होती. खूण ताजी होती. कुंडलिकनं आपली बोटं तिच्यावर धरून बघितली आणि हात मागे घेतला.

मी टॉर्च आणला. चौकोनात डोकं मावत नव्हतं, म्हणून गाल कडेला टेकवून डावीकडे टॉर्च मारला. भिंतीचं ते टोक माझ्यापासून पाच फुटांवर असायला हवं होतं. तिथं वीट होती, मी ती रोज बाहेरून बघत होते. उजेड पाच फूट गेला, दहा फूट गेला. दोन्ही बाजूंना पांढरं, गुळगुळीत, सरळ. विरळ होत होत तो कुठंतरी संपला, पण कशावर आपटून संपला नाही.

आणि त्या विरळ उजेडात कोणीतरी काम करत होतं.

मी कोणीतरी म्हणते, पण मी अंग बघितलं नाही, तोंड बघितलं नाही. फक्त एक हालचाल. खाली-वर, खाली-वर, भिंतीला लागून. माणूस घासताना कोपर बाहेर येतं तसं काहीतरी येत होतं आणि जात होतं. अडीच इंचांत कोपर वळत नाही. हे मला त्याही क्षणी कळत होतं, म्हणूनच मी बघत राहिले, कुठं चुकतंय ते सापडावं म्हणून.

मग हालचाल थांबली. ते माझ्याकडे वळायला लागलं.

“बंद करा,” मी म्हटलं. “बंद करा, बंद करा.”

“काय दिसलं?”

मी टॉर्च विझवला. कुंडलिकनं विचारलंही नाही पुन्हा. त्यानं तोच तुकडा जागेवर बसवला आणि स्क्रू आवळले. मी त्याच्या पाठीला पाठ लावून उभी होते. त्या वेळी मला एवढं नक्की कळलं की या माणसानं आपल्या भावाला काही केलेलं नाही. कसं कळलं ते विचारू नका. त्याच्या पाठीवरून कळलं.

६

आठवड्यानं मी बोर्डावर असताना सुपरवायझर बाईंनी हाक मारली. “मंदाकिनी, तुझा फोन. घरचा कोणीतरी आहे.”

“वहिनी,” पलीकडून आवाज आला, “मी सहदेव.”

तो वापीला होता. एका मित्राच्या ओळखीनं कारखान्यात लागला होता. फेब्रुवारीपासून तिथंच. “दादा अजून रागावलाय का?” तो विचारत होता. मागं बूथवाल्याचं मशीन वाजत होतं, कोणीतरी गुजरातीत बोलत होतं. माणूस खरा होता, जागा खरी होती. मी रडले. रविवारी ये म्हटलं. आई आलीय हे सांगितलं. भिंतीचं काही सांगितलं नाही. फोनवर काय सांगणार?

घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, “आई, सहदेव येतोय रविवारी.”

“येतोय म्हणजे?” त्या म्हणाल्या. “घरातच तर आहे.”

रविवारी तो आला. वाळला होता, दाढी वाढवली होती. दारातच कुंडलिकच्या पायाशी वाकला. कुंडलिकनं त्याला धरून उभं केलं आणि दोघंही एकमेकांना घट्ट धरून उभे राहिले. सासूबाईंची पट्टी तोवर निघाली होती, पण चष्मा यायचा होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना नुसतं धुरकट दिसायचं. सहदेवनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून, चेहऱ्यावरून हात फिरवला. “सुखी राहा, बाबा,” म्हणाल्या. कोणालाही म्हणाव्यात तशा. आम्हाला वाटलं, दाढीमुळे.

जेवणं झाल्यावर कुंडलिक म्हणाला, “ही भिंतच नको आता. दोघंच राहतो, हॉल मोकळा बरा.” माझ्याकडे बघून म्हणाला. सहदेवला गंमत वाटली. दोघांनी बनियनवर काम सुरू केलं. बोर्ड उतरत होते, पत्र्याच्या पट्ट्या निघत होत्या आणि दोन खिडक्यांचा उजेड दोन वर्षांनी एकमेकांत मिसळत होता. आत काहीही नव्हतं. टोकाला वीट होती, पाच फुटांवर. मी हात लावून बघितली.

“दादा, आतून पण फिनिश केलेलंस?” सहदेव हसत होता. “एवढी मेहनत कशाला?”

कुंडलिकनं पुढचा स्क्रू काढायला घेतला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होत्या. प्रत्येक बोर्ड खाली आला की “हळू रे, हळू” म्हणत होत्या. शेवटचा बोर्ड निघाला तेव्हा त्यांनी विचारलं, “आता कुठं जाईल तो?”

“कुठं जातोय? हॉलमध्येच झोपेल,” कुंडलिक म्हणाला.

त्यांनी मान हलवली. तुम्हाला कळत नाही, अशी.

बोर्ड आम्ही त्याच संध्याकाळी हातगाडीवर घालून रेतीबंदरच्या भरावात टाकून आलो. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी गावी जायचा धोशा लावला.

७

गावचा पंढरी डोंबिवलीतच राहायचा. तो आठवड्यानं गावी निघाला होता, त्याच्यासोबत त्यांना पाठवलं. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर काढून दिला होता, चष्मा तयार झाला की पाठवू म्हटलं. एसटीत बसल्यावर त्यांनी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली.

परत आल्यावर पंढरी आमच्याकडे चहाला आला. “म्हातारी खमकी आहे हो तुमची,” म्हणाला. “मला मागच्या सीटवर बसवलं. पिशवीची जागा काही सोडली नाही. कंडक्टरशी भांडली. रस्ताभर आपली बोलत होती.”

“कोणाशी?” मी विचारलं.

“स्वतःशीच. म्हातारी माणसं बोलतात.”

घर शांत झालं होतं. दुपारी मी चटईवर पडायचे आणि कान देऊन ऐकायचे. काही नाही. वरच्या मजल्यावरची शिलाई मशीन, जिन्यातली पावलं, बस्स. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी झोपेत कूस बदलावी तशी सारखी घरात फिरायचे. खोलीतून हॉलमध्ये जायचे आणि मग आठवायचं की खोलीच राहिली नाही.

जुलैत चष्मा आला. जाड, गोल भिंगांचा. सहदेव तेव्हा पुन्हा सुटीवर आला होता, वापीला परत जायला आठ दिवस होते. “मीच देऊन येतो,” तो म्हणाला. “त्या दिवशी आईशी नीट बोलणंच झालं नाही. वहिनी, खरं सांगू? मला वाटलं ती माझ्यावर रागावलीय.”

कुंडलिकनं माझ्याकडे बघितलं. सहदेवला सगळं सांगायचं असेल तर ती वेळ हीच होती. पण काय सांगणार? भिंत होती, ती आता नाही. आवाज होता, तोही नाही. चोवीस वर्षांच्या पोराला आईला भेटायला जाऊ नको म्हणायचं? मी त्याला डब्यात पोळ्या बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, माझी ड्यूटी संपायला दहा मिनिटं असताना, सुपरवायझर बाईंनी हाक मारली.

“वहिनी.”

“पोचलास? कुठून बोलतोयस?”

“बाजारातल्या बूथवरून.” धावत आल्यासारखा त्याचा श्वास लागला होता. “वहिनी, आईनं मला ओळखलं नाही.”

“चष्मा दिलास?”

“दिला. माझ्याच हातानं लावला तिच्या डोळ्यांवर. तिनं नीट बघितलं मला. कपाळापासून खाली. हात धरून उजेडात नेलं, पुन्हा बघितलं. दाढी पण काढलीय मी. मग आत गेली आणि...”

“आणि काय, सहदेव?”

“गूळपाणी घेऊन आली.”

आमच्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळपाणी देतात. घरच्या माणसाला कोणी देत नाही.

“पडवीत बसवलं. बसा म्हणाली. मला, वहिनी, बसा म्हणाली. कोणाकडे आलात असं विचारलं. मी म्हटलं, आई, मी सहदेव. तर हसली. म्हणाली, सहदेव जेवतोय आत. जेवण झालं की येईल बाहेर.”

“तू आत गेला नाहीस ना?”

“नाही.”

“जाऊ नकोस. सहदेव, ऐक माझं, परत घराकडे जाऊ नकोस. मिळेल ती गाडी पकड. चिपळूणची मिळाली तरी बस. तुझे दादा येतील तिथं.”

“वहिनी, तुम्हाला माहितीय कोण आहे ते?”

माझ्या डाव्या-उजव्या बाजूला मुली लोकांना नंबर सांगत होत्या. एकामागून एक, न थांबता.

“मला खोटं वाटलं,” तोच पुढं म्हणाला. “म्हातारपण, असं वाटलं. एकटी राहते, भास होत असेल. मी पाणी प्यायलो. भांडं तिच्या हातात द्यायला उठलो. ती माझ्यासमोर दोन हातांवर उभी होती, दारात. तेव्हा आत मोरीत पाणी पडायला लागलं. तांब्यानं पाणी घेऊन कोणीतरी हात धूत होतं, वहिनी. जेवण झाल्यावर धुतात तसं. सावकाश.”

“मग?”

“मग पाणी थांबलं,” सहदेव म्हणाला. “आणि आईनं मागं वळून बघितलं. तेवढ्यात मी पळालो.”